सदोष रंगसंगती

जूनमध्ये शाळा उघडली की आमचे चित्रकलेचे सर पहिल्याच तासाला बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन वर्गात शिरायचे आणि प्रत्येक मुलाच्या रंगपेटीतली काळी वडी काढून त्या डब्यात टाकायला लावायचे. डबा वर्षभर त्यांच्या कपाटात कुलपात. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की ज्याची वडी त्याला परत. मधल्या काळात कुणाला म्हैस काढायची असेल, केस काढायचे असतील, अंधार काढायचा असेल, तर त्यानं उरलेल्या अकरा रंगांत भागवायचं. एकदा जवळच्या गावाहून एक पालक तक्रार घेऊन आले.

"सर, पेटीत बारा रंग व्हते. पोरगं म्हणतंय अकराच ऱ्हायले."

"बारावा माझ्याकडं हाय."

"आन् मग म्हशीला काय लावायचं त्यानं?"

"म्हैस हाय का घरी तुमच्या?"

"हाय की."

"मग आज धारंला बसाल तवा बघा तिच्याकडं नीट. काळी दिसली तर उद्या या, वडी घेऊन जा."

ते पालक काही परत आले नाहीत. त्यांना म्हैस कशी दिसली हे मला माहीत नाही, पण त्यांच्या मुलानं त्या वर्षी तपकिरी-जांभळट पाठीची, पोटाकडं निळसर होत गेलेली एक म्हैस काढली, आणि तशी म्हैस मी नंतर कुठल्याही चित्रकाराची पाहिली नाही.

मी शिरूरच्या त्या शाळेत विज्ञान शिकवायची. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, वय चोवीस. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. आमचं घर राहू गावात, घरी ऊस, वडील गावच्या सोसायटीवर, आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष वडिलांच्या बसण्याउठण्यातले. नोकरी मला त्या ओळखीवर लागली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत ते आहे, आणि मी ते लपवून सर कसे होते हे सांगायला बसले तर त्याला काही अर्थ नाही.

सर दौंडचे. वडील रेल्वेत खलाशी होते, ते लवकर गेले. आई तिथंच, रेल्वे वसाहतीच्या मागे बौद्धवाड्यात राहायची. सर आठवडाभर शिरूरला एका खोलीत राहायचे आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की एसटीनं दौंडला जायचे. उंची बेताची, अंगात नेहमी पांढरा शर्ट. दिवसभर रंगात हात घालणाऱ्या माणसाच्या त्या शर्टावर मी कधी एक ठिपका पाहिला नाही. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "आमच्या कपड्यावरचा डाग लोकांना लवकर दिसतो, बाई." एवढं म्हणून ते हात धुवायला नळावर गेले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही, कळायला हवं होतं.

माणूस सदा चिडलेला. एरवी ते बोलायचे व्यवस्थित, पुस्तकी, पण चिडले की दौंडची भाषा वर यायची, आणि चिडायला त्यांना निमित्त शोधावं लागत नसे. मुलांनी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि बाजूला नारळाचं झाड काढलं की ते कागद हातात धरून वर्गभर फिरायचे. "शिरूरला नारळ कुठं बघितलास? कुणाच्या वावरात? चल, मला घेऊन चल, आत्ता जाऊ." मुलगा रडकुंडीला यायचा. मास्तरांच्या खोलीत आले की विचारायचे, "आज घोडनदीचं पाणी कोणत्या रंगाचं होतं?" सगळे रोज पुलाजवळून यायचे, कुणालाच सांगता यायचं नाही. मराठीचे सर एकदा थट्टेनं म्हणाले, "पाण्याचा रंग पाण्यासारखा." त्यावर सर महिनाभर त्यांच्या शेजारी चहाला बसले नाहीत.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती एका जास्वंदीच्या पानामुळं. वर्गासाठी मी फुलाच्या भागांचा तक्ता केला होता. रेघा चांगल्या आल्या होत्या, मग हौसेनं रंगवलासुद्धा. सर दारातून जाताना थांबले, आत आले, तक्त्याजवळ नाक नेऊन उभे राहिले.

"हे पान कुणी मारलं?"

"म्हणजे?"

"मेलंय हे. बाटलीतला हिरवा फासलाय वर. जिवंत पान असलं असतंय?" मग थोडे थंड होऊन म्हणाले, "रेघ चांगली हाय तुमची. डोळा न्हाई. शिकायचं असलं तर शाळा सुटल्यावर या. हिरवा रंग घरी ठेवून या."

मी रागानंच गेले. मला दाखवायचं होतं की मला येतं. पंधरा दिवस त्यांनी मला एक पान रंगवायला लावलं. पिवळा, निळा आणि कणभर तांबडा, याच्या पुढं काही नाही. माझ्या रंगांचा रोज चिखल व्हायचा. पाणी जास्त झालं की कागद फुगायचा, कमी झालं की रंग पापुद्र्यासारखा बसायचा, घाबरून मी आणखी एखादा रंग घालायची आणि सगळंच मातीमोल. सर बघायचे. "तीनच्या पुढं गेलात का? मग भांडण लागणारच त्यांच्यात." उजेड दाखवायचा झाला की मी पांढरा घालायची. तेव्हा तर ते ब्रश हातातून काढून घ्यायचे. "पांढरं घालून उजेड येत न्हाई, बाई. शेजारचं जरा दाबा, गडद करा, मग बघा उजेड कसा पडतो."

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं: "बघायच्या आधी नाव घेऊ नका." पान म्हटलं की तुम्ही हिरवं बघणार, केस म्हटलं की काळे. नाव घेतलं की बघणं संपलं.

एकदा दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावून शाळेच्या चुना दिलेल्या भिंतीसमोर उभं केलं. भिंतीवर लिंबाच्या झाडाची सावली पडली होती.

"सांगा."

"सावली आहे."

"रंग सांगा."

मी म्हणाले, "काळी. काळपट."

सर पाठ फिरवून निघून गेले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही हट्टानं रोज त्या भिंतीपुढं उभी राहायची, मुलं हसायची. चौथ्या दिवशी मला ती सावली जांभळी दिसली, काठाला निळी, आणि खाली जमिनीजवळ, जिथं तांबड्या मुरमाचा उजेड वर येत होता तिथं जरा भगवी. मी अक्षरशः धावत त्यांच्या वर्गात गेले. सातवीचा तास चालू होता. मी दारातूनच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मुलांना म्हणाले, "बाईंना दिसाय लागलं." तेवढ्यानं मला जे वाटलं ते पुढं पदव्या घेतानाही वाटलं नाही.

मग अंगाचा रंग. शाळेच्या सामानात कुणीतरी रंगाच्या बाटल्यांचा एक खोका आणला होता, त्यात एक बाटली होती फिकट गुलाबी, वर लिहिलेलं 'फ्लेश टिंट'. सरांनी ती वर्गात फिरवली. "हे अंग कुणाचं? शनिवारी बाजार भरतो. हजार माणूस येतं. ह्या रंगाचा एक गडी मला दाखवा, मी त्याला फेटा बांधतो." ती बाटली त्यांनी कधी उघडली नाही. मुलांना सांगितलं, आपला हात कागदाशेजारी ठेवा आणि तो बनवा. पेटीतल्या अकरा रंगांत प्रत्येकाचा हात आहे, शोधा.

पाचवीतल्या एका मुलीला तो रंग बरोबर सापडला आणि ती रडायला लागली. कागदावरचा हात तिला फार काळा वाटत होता. शेजारच्या मुली हसत होत्या. मी मागं बसून बघत होते. सर तिच्याजवळ गेले, ओणवे झाले. "किती रंग घातलेस?" तिनं हुंदके देत सांगितलं, तांबडा, पिवळा, निळा, थोडा नारिंगी. "ह्या हसणाऱ्यांनी किती घातलेत ते विचार. दोन. तुझ्या हातात चार रंग हायत." मग हसणाऱ्या मुलींकडं वळून त्यांनी जो आवाज चढवला तो बाहेर मैदानापर्यंत गेला असेल.

माझाही हात झाला. मी घरात सगळ्यांत उजळ, लहानपणापासून तसं कौतुक ऐकत आलेली. मी पांढरा घालून घालून एक हात तयार केला. सरांनी बघितला. "ह्यात दूध ओतलंय तुम्ही. तुमचा हात कुठाय ह्याच्यात?" मला राग आला, लाजही वाटली. चार वेळा केला तेव्हा कुठं माझा हात माझ्यासारखा झाला, आणि तो मला वाटत होता त्यापेक्षा पुष्कळ सावळा होता.

त्या वर्षी शाळेचं नवीन सभागृह बांधून झालं. जानेवारीत उद्घाटन, मोठे पाहुणे येणार. अध्यक्षांच्या मनात आलं की आतल्या लांब भिंतीवर गावाकडचं चित्र असावं. सरांना विचारलं. सर हो म्हणाले, एका अटीवर, की पुरं होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, "तुम्ही कलावंत माणूस."

दिवाळीच्या सुट्टीपासून आम्ही लागलो. बाजारातल्या पिवडी, गेरू, नीळ, चुना असल्या रंगांच्या पुड्या आणून सर त्या सरसात, म्हणजे हाडांच्या डिंकात, कालवायचे. सरस उकळताना जो वास सुटायचा त्यानं मला पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही. चित्र सरांचं. मला त्यांनी विहिरीचे दगड दिले होते. दीडशेच्या वर दगड असतील, आणि प्रत्येक वेगळा हवा, आणि काळा वापरायचा नाही. मी गेरू आणि निळीतून राखाडी काढायला शिकले. ओला दगड, उन्हातला दगड, शेवाळाचा दगड. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम होतं, असं मला अजून वाटतं.

चित्रात एक विहीर, पलीकडं खळं, लांब डोंगर नाहीत, कारण तिकडं ते नाहीत. मधोमध, माणसाच्या उंचीएवढी, एक बाई. एक हात वर दोरावर, दुसऱ्या हातानं ती घागर कलती करून फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्याच्या ओंजळीत पाणी घालते आहे. बाईचं लुगडं निळं. चेहरा सावळा, उन्हात तांब्यासारखा झालेला. सर त्या चेहऱ्यावर पंधरा दिवस काम करत होते. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, बाई म्हणजे बाई. मलाही बघायच्या आधी नाव घ्यायची सवय होतीच.

उद्घाटनाला आठ दिवस राहिले तेव्हा अध्यक्ष दोन सभासदांना घेऊन बघायला आले. हेडमास्तर मागं. अध्यक्ष बराच वेळ बघत होते.

"छान. मोठं काम केलंत. फक्त माणसं जरा उजळ करा, सर. पाहुणे येणारेत."

"उजळ म्हंजी?"

"म्हणजे जरा चांगली."

मग एका सभासदानं विचारलं, "ही बाई कोण काढलीय? चेहरा ओळखीचा केल्यासारखा वाटतोय."

"माझी आई," सर म्हणाले.

बाहेर मुलांचा कवायतीचा आवाज येत होता.

"आणि विहीर कुठली ही?" त्याच सभासदानं विचारलं.

"गावाची."

"आन् हा फेटेवाला?"

"तहान लागलेला माणूस."

अध्यक्षांचा चेहरा काही बदलला नाही. ते चित्रापासून दोन पावलं मागं सरले, मान कलती करून पाहिलं आणि म्हणाले, "रंग फार गडद झालेत हो."

यापुढं कुणीही रंगाखेरीज दुसरा शब्द बोललं नाही. आज इतक्या वर्षांनी मला संताप येतो तो या गोष्टीचा. उघड बोलले असते तर निदान भांडता आलं असतं. कुणी जात काढली नाही, कुणी विहिरीचं नाव घेतलं नाही, कुणी म्हणालं नाही की ह्या बाईचा हात त्या दोरावर आम्हाला चालत नाही. सगळे रंगावर बोलत राहिले. ज्यांना घोडनदीच्या पाण्याचा रंग कधी सांगता आला नव्हता ते सगळे त्या आठवड्यात रंगातले जाणकार झाले. मास्तरांच्या खोलीत चर्चा, की डोळ्याला खुपतं, की सभागृहात अंधार वाटतो. मराठीचे सर म्हणाले, अभिरुचीचा प्रश्न आहे. मी चहा पीत ऐकत होते.

तिघांची एक समिती नेमली. हेडमास्तर, तो सभासद, आणि जाणकार म्हणून मी. मी सरांकडं शिकते हे सगळ्यांना माहीत होतं. सरांच्या शिष्येनंच सांगितलं म्हणजे प्रश्न मिटला.

हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं तेव्हा कागद आधीच टाइप होऊन आला होता. 'सदर चित्राची रंगसंगती सदोष असून ती सभागृहाच्या शोभेस बाधक आहे.' खाली तीन नावं, दोन सह्या झालेल्या. अध्यक्ष खुर्चीत. सरांना बाजूच्या बाकावर बसवलेलं, पांढरा शर्ट, हात मांडीवर.

"सही करा, बाई," अध्यक्ष म्हणाले. आवाज मायेचा. "परवाच वडील भेटले होते तुमचे. जूनमध्ये तुम्हाला कायम करायचंय, लक्षात आहे माझ्या."

मला त्या कागदातला प्रत्येक शब्द खोटा आहे हे माहीत होतं. कसा खोटा आहे हे मी एकेक रंग घेऊन सांगू शकले असते. त्या खोलीत ते सांगू शकणारी सरांखेरीज मी एकटीच होते. माझ्या तोंडून निघालं ते असं:

"मला रंगातलं कळत नाही, साहेब. मी आत्ता कुठं शिकतेय."

सही केली नाही म्हणून मला क्षणभर मोठं काही केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. अध्यक्षांनी मान डोलावली. "बरोबर आहे. बाई प्रामाणिक आहेत." मग हेडमास्तरांना म्हणाले, "लिहा, जाणकार उपलब्ध नाही, सबब उर्वरित सदस्यांचे मत ग्राह्य." पाच मिनिटांत काम झालं.

बाहेर व्हरांड्यात मी सरांच्या मागून गेले. म्हणाले, "मी सही नाही केली." ते वळले. मी त्यांना शंभर वेळा चिडलेलं पाहिलं होतं, पण तो राग निराळा होता, आवाज अजिबात चढला नव्हता.

"सही केली असती तरी चाललं असतं. भ्याली म्हणलो असतो. माणूस भितं. पण कळत न्हाई म्हणालात? आठ महिने तुम्ही काय बघितलं मग? त्या पोरीचा हात बघितला, भिंतीवरची सावली बघितली, तुमचा स्वतःचा हात बघितला. आन् कळत न्हाई?"

मी काही बोलायच्या आत ते गेले. त्यानंतर शाळेत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

रविवारी दोन माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन आली. सरसातला रंग पाण्यानं सुटतो, त्यामुळं पहिला हात दिला तरी बाई खालून वर आली. फिकट, पण उभीच्या उभी. दुसरा हात दिला, तरी लुगड्याचा निळा पाझरला. मी दाराशी उभी राहून बघत होते, मला कुणी हटकलं नाही. संध्याकाळी बाजारातून तैलरंगाचे डबे आणले आणि सगळी भिंत त्यानं झाकली. माझे दगडही गेले, पण त्याबद्दल बोलण्याचा हक्क मला राहिला नव्हता.

सरांची आई उद्घाटनाला येणार होती. शेजारच्या दोघीतिघींना घेऊन, एसटीनं. चित्रात ती आहे हे सरांनी तिला सांगितलं होतं, पण बघितलं तिनं नव्हतं. सरांनी तिला येऊ नको म्हणून कळवलं, कारण काय सांगितलं ते मला माहीत नाही. पाहुण्यांनी भाषणात सभागृहाच्या स्वच्छ, प्रसन्न भिंतींचं कौतुक केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

फेब्रुवारीत सरांची बदली झाली, संस्थेच्या अशा एका लांबच्या शाखेत जिथं चित्रकला हा विषयच नव्हता. ते गेले नाहीत. राजीनामा दिला आणि दौंडला परत गेले. तिथं रेल्वे यार्डात मालगाडीच्या डब्यांवर अक्षरं आणि आकडे रंगवायचं काम मिळालं, असं नंतर कानावर आलं. पांढरी अक्षरं, एका मापाची. ज्या माणसानं एका पाचवीतल्या मुलीच्या हातात चार रंग दाखवले त्याला आम्ही मिळून त्या कामावर बसवलं. आम्ही म्हणते, कारण माझा वाटा मला मोजता येतो. नव्या चित्रकला शिक्षकांनी जूनमध्ये मुलांना दोन डोंगर आणि सूर्य काढायला दिला. काळी वडी कुणाचीच काढून घेतली नाही.

त्याच जूनमध्ये माझं कायम केल्याचं पत्र आलं. ते हातात पडल्यावर, आधी नाही, पडल्यावर, मी माझा अभिप्राय लिहायला बसले. तीन पानं झाली. 'चित्रातील स्त्रीचा वर्ण गडद आहे, कारण ती स्त्री गडद वर्णाची आहे. यात दोष नाही,' अशी सुरुवात केली. मग कपाळापासून पावलापर्यंत कुठं गेरू आहे, कुठं पिवडी, कुठं नीळ, आणि ते का बरोबर आहे. शेवटी लिहिलं की समितीपुढं मला कळत नाही असं मी म्हणाले ते असत्य होतं. हेडमास्तरांना नेऊन दिलं. त्यांनी उभ्या उभ्या चाळलं, कोपऱ्यात 'पाहिले' लिहून फायलीत लावलं, आणि म्हणाले, "आता कशाला, बाई?" तो प्रश्न बरोबर होता, म्हणून मला त्यांचा आणखी राग आला.

कार्बनची प्रत घेऊन मी रविवारी सकाळी दौंडला गेले. घर विचारत विचारत सापडलं. सर ओट्यावर दाढी करत बसले होते. मला बघून उठले नाहीत. मी कागद पुढं केला. त्यांनी तोंड पुसलं, हात पुसले, मग कागद घेतला आणि उभं राहून वाचायला लागले. मला बस म्हणाले नाहीत. तिन्ही पानं वाचली, दुसरं पुन्हा वाचलं.

"तवाच का न्हाई?"

"भ्याले होते."

"हं." ते परत दुसऱ्या पानावर आले. "इथं चुकलात. हनुवटीखालच्या सावलीत निळा न्हवता. जांभळा होता. मी लावलाय, मला म्हाईत."

मी मान खाली घालून ऐकून घ्यायला गेले होते. का कोण जाणे, मी म्हणाले, "तुम्ही जांभळाच लावला असेल. पण खाली निळं लुगडं होतं. त्याचा उजेड वर येऊन तो निळा दिसत होता. मी रोज बघत होते."

"न्हवता दिसत."

"दिसत होता, सर."

"भिंत गेली म्हणून काहीही बोलाल व्हय?"

आमचे आवाज ऐकून त्यांची आई बाहेर आली. हात पिठाचे. मी तिला पहिल्यांदाच बघत होते, आणि तिचा चेहरा मला पाठ होता. लुगडं निळंच होतं, धुऊन विटलेलं.

"कशापायी भांडताय सकाळच्या पारी?"

सर म्हणाले, "आये, जरा खाली अंगणात उभी ऱ्हा. उन्हात. ह्या बाई म्हणत्यात तुझ्या हनुवटीखाली निळा हाय."

"आन् तू काय म्हणतोस?"

"जांभळा."

"मग बघा बाबा लवकर, तव्यावर भाकर टाकलीया." ती खाली उतरून उन्हात उभी राहिली. आम्ही दोघं तिच्यापुढं गेलो. मग तिनंच विचारलं, "त्या भितीवर आसंच काढलंवतं का मला?"

"व्हय," सर म्हणाले. "हात वर होता. दोरावर."

तिनं पिठाचा हात वर केला. "आसा?"

"अजून जरा वर."

तिनं हात आणखी वर नेला, तशी हनुवटी उचलली गेली आणि खालची सावली मोकळी झाली. सर वाकून, डोळे बारीक करून बघत होते. मीही बघत होते. आतून भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तिनं दाराकडं एकदा पाहिलं, पण हात खाली घेतला नाही.